मुंबई कोणत्या अक्षरात

अमडापूर
२२ जून १९६२

निवृत्ती,

मायन्यापाशीच अडलो. तू संन्यासी, म्हणून मी तुला दंडवत लिहायला हवा. मी थोरला भाऊ, म्हणून तू मला. दोन्ही दंडवत एकमेकांतून वजा करून नुसतं नाव लिहिलं आहे. तुझं नवं नाव पाकिटावर आहे, ते पोस्टमनसाठी. आईनं तुझं नाव निवृत्ती ठेवलं तिथंच खरी चूक झाली. माझं पंजाबराव ठेवलं, आणि पंजाबराव नावाचा माणूस संस्कृत शिकवतो याचं इन्स्पेक्टरांना अजून नवल वाटतं. पण मी निदान पंजाबात निघून गेलो नाही.

पत्राचं कारण व्याकरणाचं आहे. मुलांच्या पुस्तकात ‘प्रतीक्षते’ हे रूप कर्मणी म्हणून दाखवलं आहे. माझ्या मते ते कर्तरी. वाट पाहणारा आपणहून पाहतो, त्याला कोणी पाहायला लावत नाही. हृषीकेशला तुझ्या आजूबाजूला मोठे पंडित असतील. विचारून कळव.

बाकी ठीक. पेरण्या चालू आहेत. तुझ्या वहिनीला जरा बरं नसतं. कंबर दुखते म्हणते. शेजारची शाहजादीबी येऊन तेल चोळून जाते. बायकांचं काही असावं, मला नीट सांगत नाही.

तिला विचारलं, ‘निवृत्तीला पत्र लिहितोय, तुझं काही लिहू?’ तर म्हणाली, ‘भाऊजी शेगावले गेले नं? आले म्हंजे मीच बोलीन.’

तू कुठं आहेस हे तिला चांगलं ठाऊक आहे. हा टोमणा आहे. शेगावला जाऊन येतो म्हणून तू घरातून निघालास. शेगाव इथून इतकं लांब असल्याचं आमच्या भूगोलाच्या मास्तरांनाही माहीत नव्हतं.

उत्तर पाठव. व्याकरणाचं.

पंजाबराव


अमडापूर
३ सप्टेंबर १९६२

निवृत्ती,

उत्तर आलं नाही, तेव्हा ‘प्रतीक्षते’ कर्तरीच आहे असं धरून चालतो.

आता खरं लिहितो. व्याकरणाची शंका मला नव्हतीच. पोळ्याच्या आधी तुझ्या वहिनीला, मनकर्णेला, अकोल्याला नेलं होतं. तिच्या ओटीपोटात गाठ आहे. डॉक्टर भला माणूस. रोग्याला कळू नये म्हणून त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि सगळं इंग्रजीत सांगितलं. बाहेर आल्यावर ही म्हणाली, ‘विंग्रजीत सांगतलं म्हंजे काई मोठं असन.’

मी म्हटलं, ‘औषधांची नावं सांगत होते.’

‘हाव. औषधाचं नाव आयकून तुमचं तोंड उतरलं.’

डॉक्टरांचं म्हणणं, मुंबईला न्या. तिथं विजेचा शेक देतात, त्यानं गाठ जळते. सगळ्यांचीच जळते का, मी विचारलं. ते म्हणाले, काहींची जळते, उशीर केला तर कोणाचीच नाही. मी आल्या पावली निघायला तयार होतो. ही तयार नाही. देवीला विचारल्याशिवाय गाव सोडणार नाही म्हणते.

कौल लावायची रीत तुला आठवत असेल. गावाबाहेरच्या देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक फूल पाण्यानं चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. यंदा मतदारांनी सबंध देशाचा कौल दिला, आमच्या देवीला एका फुलाचा देववेना. दोन्ही फुलं जागच्या जागी सुकली. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा तेच. मनकर्णा गाभाऱ्याकडे पाठ करून पदर सारखा करत होती, तेवढ्यात मी उजव्या फुलावर फुंकर मारली. फूल हललं नाही. ही मागं न वळता म्हणाली, ‘राहू द्या, दमा उठन तुमचा.’

परत येताना चालवेना तिला. बांधावर बसलो. मी विचारलं, ‘काय म्हणते तुझी देवी?’

‘काई नाही म्हनत.’

‘मग आता?’

‘पन हाय ते तिथं. तुमी पेपर वाचत बसता, मी एवढं बोलतो तं तुमी हूं नाही का चूं नाही. म्हनून काय मी समजू का घरात कोनी नाही?’

त्या दिवसापासून पेपर वाचताना मी अधूनमधून हूं म्हणतो. आता तिची तक्रार अशी की, लक्ष नसतं तेव्हाच मी हूं म्हणतो.

ती रोज पहाटे देवघरापुढं भिंतीला टेकून बसते. जप नाही, पोथी नाही. नुसती बसते, दळण आणायला गेलेलं माणूस गिरणीत आपल्या डब्याचा नंबर लागायची वाट पाहतं तशी. आणि गाठ काही तिच्याबरोबर बसून राहत नाही.

पंजाबराव


अमडापूर
२१ सप्टेंबर १९६२

निवृत्ती,

आडून मागणं मला जमत नाही हे मागच्या दोन पत्रांत दिसलंच आहे. सरळ मागतो.

ये, असं म्हणत नाही. मी शास्त्र पाहिलं. संन्याशाला पूर्वाश्रमीच्या आईपुरती सवलत आहे. वहिनीसाठी काही सापडलं नाही. शास्त्रकारांना बहुधा साध्याच वहिन्या लाभल्या असाव्यात. मनकर्णा वरवट बकालहून या घरात आली तेव्हा आई नुकतीच गेली होती आणि तू शेंबडा होतास. पण नवऱ्याचा भाऊ, म्हणून तिच्या तोंडी ‘भाऊजी’ आणि अहोजाहो. ‘भाऊजी, नाक पुसा.’ ‘भाऊजी, चड्डी घाला, पाव्हने आले.’ आम्हाला मूल झालं नाही. लोक हळहळायचे. ती म्हणायची, घरात एक आहे, फक्त त्याला अहो म्हणावं लागतं.

तुझ्या भगव्याला ती मानते. तू लिहिलंस तर ऐकेल. एक पोस्टकार्ड टाक: ‘देवाची आज्ञा आहे, मुंबईला जा.’ एवढंच.

तुला देवाचं काही ऐकू येतं की नाही, हे मी विचारत नाही. येत असेल तर त्याला विचारून लिही. येत नसेल तर न विचारता लिही. खोटं ठरलं तर पाप माझं. मी तसाही कर्मकांडात कच्चा आहे, एकानं फरक पडणार नाही.

तिची चोळी सैल झाली आहे. तिनं ती दोनदा आत घेतली, आणि मी पाहिलं नाही असं तिला वाटतं.

पंजाबराव


अमडापूर
१४ ऑक्टोबर १९६२

निवृत्ती,

कार्ड पोचलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यावर शब्द एकच: शुश्रूषस्व.

आत्मनेपद बरोबर आहे. अभिनंदन.

सेवा कर, म्हणतोस. रोग्याची शुश्रूषा कर. पोळ्यापासून या घरात पेज कोण करतो, धुणं कोण धुतो, तिला पाठीला हात देऊन कोण उठवतो? शाहजादीबी म्हणते, ‘मास्टरसाब की रोटी देखी तो बीमार आदमी उठके भाग जाय.’ आणि जो धडधाकट असताना उठून पळाला, त्यानं मला शुश्रूषा शिकवावी. मी तुझ्याकडं एक खोटं मागितलं होतं. तू मला धडा पाठवलास.

हे लिहून बरं वाटलं, म्हणून खोडत नाही.

आता पुढं झालं ते ऐक. कार्ड माझ्या हातात होतं आणि ती माजघरातून माझ्याकडं पाहत होती. ‘भाऊजीचं हाय?’ म्हणाली. मी हो म्हटलं. ‘काय लिवलं?’

आणि मी म्हणालो, ‘देवाची आज्ञा आहे म्हणतो. मुंबईला जा.’

मी तुला सांगतो, मला स्वतःला ते खरं वाटलं. इतक्या सहज निघालं तोंडातून. तिनं हात पुढं केला. कार्ड घेतलं, उजेडाकडं धरलं. बाळबोध वाचता येतं तिला, तूच पाटीवर शिकवलंस.

‘एकच शबद हाय.’

‘संस्कृत आहे ते. थोडक्यात पुष्कळ मावतं.’

‘वाचून दाखवा.’

‘शुश्रूषस्व.’

‘मंग मुंबई कोनत्या अक्षरात हाय यात? पयल्या श मधी का मधल्या ष मधी?’

निवृत्ती, आयुष्यभर मी मुलांचे खोटे अन्वय पकडले. माझा तिनं पकडला. मी सांगून टाकलं की, तो म्हणतो सेवा कर, आणि मुंबई माझी आहे. ती रागावेल असं वाटलं. ती रागावली नाही. कार्ड देवघरात ठेवून आली, भिंतीला टेकून बसली. मी चुलीशी गेलो. भात करपला, तेही तिनं ओरडून सांगितलं नाही.

जेवताना म्हणाली, ‘चला मंग मुंबईले.’

मी म्हटलं, ‘मी खोटं बोललो. कबूल केलं ना?’

‘म्हनूनच तं. तुमाले खोटं बोलताच येत नाही. फुंकर बी धड मारता येत नाही. मी कवाची कान लावून बसली. देवी बोलली नाही, भाऊजी बोलले नाही. बोलले तं तुमी बोलले, अन् ते बी देवाच्या नावानं, तोंड असं पांढरं करून. आता देव काय आनखी येगळं तोंड घेऊन येईन माह्यासाठी?’

माझ्या खोट्याला तिनं कौल मानलं आहे. यावर हसावं की काय करावं, मला कळलेलं नाही. परवा निघतो. खामगावापर्यंत एस.टी., मग शेगावहून गाडी.

पंजाबराव


मुंबई, परळ
२८ नोव्हेंबर १९६२

निवृत्ती,

शेगावला गाडीला वेळ होता. समाधीच्या दर्शनाला जाऊन येऊ म्हटलं, तर मनकर्णा म्हणाली, ‘इचारून झालं. आता पुन्हा गेली तं महाराजायले वाटन का इच्यावर भरवसा नाही.’ फलाटावरच्या बाकावर बसलो. भगवं कोणी दिसलं की ती पदर डोक्यावर सारखा करायची. अशी बरीच भगवी माणसं त्या फलाटावर येतात.

इथं येऊन महिना उलटला. शेक सुरू झाले आणि बंदही झाले. कातडी भाजली, उलट्या झाल्या, वजन गेलं. गाठ आहे तिथंच आहे, आणि आता ती एकटी नाही म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी मला काल बोलावून घेतलं. हेही इंग्रजीतच बोलले. घरी न्या म्हणाले. मी वॉर्डात परत गेलो तेव्हा ते काय म्हणाले हे तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ‘आपलं कपाशीचं काय झालं असन हो?’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘मनकर्णे, तुझा कौल चुकला. माझ्या खोट्यावर तू इथं आलीस आणि हे असं झालं.’

ती म्हणाली, ‘कौल मुंबईचा होता. बरं होन्याचा होता असं कोनी म्हनलं?’

मग म्हणाली, ‘नसतो आलो तं तुमी जलमभर म्हनत राह्यले असते का नेलं असतं तं वाचली असती. ते एक गेलं नं आता.’

मला तुला एक चूक कळवायची आहे. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना ठरावीक वेळेपलीकडं बसू देत नाहीत. उरलेला दिवस मी बाहेरच्या बाकावर असतो. आत चाळीस बायका. खोकला ऐकू आला की तो तिचा की दुसऱ्या कुणाचा, हे मला भिंतीबाहेरून कळायला लागलं. भांडं वाजलं तर ती पाणी प्यायली की तिनं ते नुसतं ठेवलं, तेही. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ लढाई थांबल्याचं सांगत होते, चीन मागं सरकतो आहे म्हणाले. मी हूं म्हणत होतो आणि कान दाराकडं होता. आणि तसा बसलेलो असताना मला तुझा शब्द वाचता आला.

श्रु म्हणजे ऐकणं. त्याचं इच्छार्थक रूप शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागाहून आला. गुरूचं ऐकायचं म्हणून शिष्य जवळ बसायचा, आणि जवळ बसलेलाच माणूस पाणी देतो, पाय चेपतो. हे दरवर्षी फळ्यावर लिहून देणारा मीच. आणि तुझं कार्ड हातात आल्यावर मी तो शब्द मराठीत वाचला. संस्कृतच्या मास्तरानं. रागावलेल्या माणसाला मातृभाषाच आधी आठवते, दुसरं काय.

तू ‘सेवा कर’ असं लिहिलं नव्हतंस. ‘ऐकायची इच्छा धर’ असं लिहिलं होतंस. बहुधा. मागच्या पत्रातल्या शिव्या परत घेतो. सगळ्या नाही, निम्म्या. पळाल्याबद्दलच्या राहतील.

भेटीच्या वेळी हे तिला समजावून सांगितलं. हसताना तिच्या पोटात कळ येते, तरी हसली. ‘म्हंजे ते कार्ड मले लिवलं होतं त्यायनं. तुमी काऊन आपल्या अंगावर घेतलं?’

परवाच्या गाडीनं निघतो.

पंजाबराव


अमडापूर
२३ जानेवारी १९६३

निवृत्ती,

मरणाची बातमी देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. या पत्राचा फाडलेला नाही, कारण संन्याशाला सुतक नसतं. मी तेवढे नियम पाळतो. तेव्हा कोपरा शाबूत पाहून तुला आधी बरं वाटलं असेल तर मला क्षमा कर.

मनकर्णा संक्रांतीच्या आधी गेली. सकाळी, ओसरीवर ऊन आल्यावर. मला उन्हात न्या म्हणाली म्हणून खाट बाहेर काढली होती. शाहजादीबी उशाशी होती, मी पायाशी.

शेवटचे दिवस वाईट होते. ते लिहीत नाही. तिनं कोणाला नावं ठेवली नाहीत, देवालाही नाही, आणि त्याचा मला राग येत असे. एकदा मी म्हटलंच, ‘अजून ऐकतेस? अजून काही बोलला का तो तुझ्याशी?’ तर म्हणाली, ‘तुमी घडीभर गप बसा, मंग सांगतो.’

मी गप्प बसलो. नंतरचे बरेच दिवस गप्पच बसलो. मला काही ऐकू आलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. तिचा श्वास तेवढा. आत जाताना अडकायचा, मग निघायचा. त्या सकाळी तो निघाला आणि परत आला नाही. मी वाट पाहत राहिलो. शाहजादीबीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘बस मास्टरसाब, गई बाई.’ मला वाटतं मी त्यानंतरही थोडा वेळ ऐकत होतो. ओसरी रिकामी वाटली नाही, एवढं फक्त लिहून ठेवतो. याचा अर्थ तू लावू नकोस. मीही लावलेला नाही.

दहाव्याला कावळ्यानं वेळ लावला नाही. गावात त्याचं कौतुक झालं. तिची काही इच्छा मागं राहिली नव्हती म्हणतात. हे खरं नाही, म्हणून हे पत्र.

संक्रांत जवळ आली तसं शाहजादीबी तिळगूळ करायला बसली होती, कारण माझे लाडू कोणाचे दात पाडतील असं तिचं मत. मनकर्णा खाटेवरून पाक किती घट्ट ते सांगत होती. मधेच मला म्हणाली, ‘भाऊजीले माह्या निरोप लिवा.’ आजवर तिनं तुला कधी निरोप दिला नव्हता. मी कागद आणायला उठलो तर म्हणाली, ‘आता नाही. मी गेल्यावर. नाही तं त्यायले वाटन का मी बलावून राह्यली, अन् नेम मोडन त्यायचा.’

मी म्हटलं, ‘मग सांग तरी.’

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. व्याकरणाला हात लावलेला नाही.

‘भाऊजीले म्हना, तिथं काई आयकू येत असन तं बसा खुशाल. माही काई तक्रार नाही. पन इतके साल बसूनई काई आयकू येत नसन, तं लाजून तिथंच बसून राहू नका. घरी निंघून या. नाही आलं आयकू तं नाही आलं. मलेई कुठं येते रोज? कपडे कोनते हाय ते मी इचारनार नाही, दुसऱ्या कोनी इचारलं तं त्याले माह्याकडं धाडा. लोक हासतील. चार रोज हासतील अन् आपल्या कामाले लागतील.’

‘मी इचारनार नाही’ म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की, तू हे वाचशील तेव्हा विचारायला ती असणार नाही. माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘तेवढं तुमी पाहून घ्या.’

तर मी पाहून घेईन. तुला काय ऐकू येतं आणि काय नाही, हे मी विचारणार नाही. येत असेल तर तिच्या परवानगीनं तिथंच राहा.

लोक हसतील हे तिचं बरोबर आहे. पहिला मी हसेन. पण त्यासाठी कोणी तरी दारातून आत यायला पाहिजे.

पंजाबराव